सतरा घरांची खुर्ची

"बिनदोऱ्याचं दूध आहे हे. ह्याला आईबाप कोणी आहेत की नाहीत?"

स्वयंपाकीणवहिनी फ्रिजपाशी उभ्या राहून पुटपुटत होत्या, म्हणजे कोणाला उद्देशून नाही, पण ऐकू मात्र सगळ्यांना जावं अशा बेताने. कॉलरवाली त्यांच्या कोपराखालून हात घालून फ्रिजच्या दारातली इन्सुलिनची बाटली काढत होती. त्या खोलीत दोघी फ्रिजपुढे उभ्या राहिल्या की एकीच्या पोटातली कुरकुर दुसरीला ऐकू येते, तर तोंडातली का नाही येणार?

"परवा माझं लिंबू गेलं. काल अर्धं अंडं गेलं."

"अर्धं अंडं कसं जाईल, वहिनी?"

"उकडलेलं होतं. अर्धं मी खाल्लं होतं."

"दोरा बांधला होता त्याला?"

"अंड्याला दोरा कसा बांधू गं? घसरतो."

फ्रिज सतरा घरांचा होता, राहायला मात्र वहिनींकडे होता. त्या ज्या मोठ्या घरी स्वयंपाक करायच्या, त्या लोकांनी स्वयंपाकघराच्या भिंतींना हिरवा रंग दिला आणि हा पांढरा फ्रिज त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. वहिनी म्हणाल्या, खुपत असेल तर मी नेते. गल्लीतल्या हमालमामांनी तो हमरस्त्यापासून एकट्याने पाठीवर आणला, मध्ये फक्त एकदा थांबले, तेही कोणीतरी "काय आणलंत?" असं विचारलं म्हणून. वहिनींच्या भिंतीतला प्लग धड होता, म्हणून फ्रिज त्यांच्याकडे उतरला. तेव्हापासून सतरा घरांची दुधं, मासे, कालचं उरलेलं आणि उद्याचं राखलेलं असं सगळं त्याच्या पोटात नांदत होतं. भांडणं होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराच्या वस्तूला त्या घराच्या रंगाचा दोरा. हमालमामांचा हिरवा, शाळेतल्या शिपाईणबाईंचा जांभळा, वहिनींचा लाल. दोरे पुरवायची कॉलरवाली. कारखान्यात रीळ संपत आलं की शेवटचे चार हात मशीनवर चढत नाहीत, ते ती घरी आणायची.

पांढरा दोरा औषधांचा. गल्लीत तिघं इन्सुलिनवर होती आणि तिघांच्या बाटल्या दाराच्या वरच्या कप्प्यात पांढऱ्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या असत. फ्रिजमधून अंडी जात, लिंबं जात, एकदा अख्खा मासा गेला. पण पांढऱ्या दोऱ्याला चार वर्षांत कोणाचं बोट लागलं नव्हतं.

"आज येणार ना गं त्या मॅडम?" वहिनींनी दुधाची पिशवी परत ठेवत विचारलं. आपल्याला ताप आहे असं मालकिणीला कळवून त्या आज घरी राहिल्या होत्या.

"दुपारी."

"मग काय सांगायचं ठरलं?"

"ठरलंय कुठे," कॉलरवाली म्हणाली, आणि बाटली तळव्यात धरून घरी आली.

तिचं घर सतरावं, गल्लीच्या टोकाचं. घरात दोघीच, ती आणि सासूबाई. नवरा समुद्रापलीकडे दुसऱ्यांच्या उंच इमारती बांधत होता. ह्यांच्या छपराच्या कोपऱ्यातलं भोक मात्र तो येईल तेव्हा बुजवायचं ठरलं होतं. कॉलरवाली अकरा वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवत होती. फक्त कॉलरी. बाह्या दुसरी, खिसे तिसरी, काजं चौथी. सगळे शर्ट परदेशात जायचे. अकरा वर्षांत तिने एक अख्खा शर्ट शिवलेला नव्हता, आणि स्वप्नात तिला माणसं दिसायची ती हनुवटीपासून गळ्यापर्यंतच.

सासूबाई पलंगावर ताठ बसून वाट पाहत होत्या. बत्तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतल्या आणि इस्त्री केल्या. चादरींचा गुण माणसाला लागतो म्हणतात ते खरं असावं, कारण सत्तरी आली तरी बाईच्या अंगावर सुरकुती होती, वागण्यात नव्हती. गल्ली त्यांना कडक आजी म्हणायची. त्यांच्यासमोर म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं.

"दूध प्यायलात का आधी?" कॉलरवालीने सुई भरता भरता विचारलं.

"पिते मागून."

"मागून नाही. समोर."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला. हे 'समोर' गेल्या महिन्यापासून सुरू झालं होतं. त्याचं कारण दोघींना ठाऊक होतं आणि दोघींनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

आता आजच्या मॅडमचं काय ते सांगायला हवं, आणि त्यासाठी खुर्चीपासून सुरुवात करायला हवी.

हमरस्त्यावरचा फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा फोटोवाल्याने आपली खुर्ची गल्लीला दिली होती. हात असलेली, कोरीव पाठीची, लाल गादीची. तिच्यावर बसलं की कोणीही खानदानी दिसे. फोटोवाल्याचं अर्धं कसब तीच होती. मागचा एक पाय मोडला होता. तो हमालमामांनी पत्र्याची पट्टी ठोकून उभा केला, तेव्हापासून ती बसणाऱ्याला आधी 'कुंई' असं विचारून घ्यायची. ती कोणा एका घरची नव्हती. ज्याच्याकडे पाहुणा, त्याच्याकडे खुर्ची. गल्लीतल्या सगळ्या घरांची मागची दारं एका अरुंद बोळात उघडतात. पाहुणा पुढून आला की खुर्ची मागून येई. बरोबर टेबलफॅन येई आणि निळ्या फुलांचे सहा काचेचे पेले येत. पाहुण्याला वाटे, काय नीटस घर आहे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

आजवर पाहुणा एका वेळी एकाच घरी यायचा. तीन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी मात्र एकच पाहुणी सतरा घरी आली.

तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात फळी होती, फळीवर फॉर्म होता. बावीस-तेवीसची, उन्हाने वाळलेली, पण बोलायला गोड. कोणत्या वस्तीत काय आहे आणि काय नाही ते ती लिहून नेणार होती. पहिल्या घरी ती आली तेव्हा खुर्ची हजर होती. ती बसली, 'कुंई' झालं, पंखा तिच्याकडे वळला, निळ्या फुलांच्या पेल्यातून पाणी आलं. ती उठून दुसऱ्या घराकडे निघाली आणि वहिनींच्या लक्षात आलं की दुसऱ्या घरी बसायला काही नाही. त्यांनी तिला दारातच अडवलं. कुठली गं तू, आई काय करते, भावंडं किती, पायात एवढी पातळ चप्पल का घातलीस. इकडे बोळातून हमालमामा डोक्यावर खुर्ची घेऊन, त्यांच्यामागे शिपाईणबाई पंख्याची वायर गुंडाळत. पोरगी दुसऱ्या घरात शिरली तेव्हा खुर्ची तिची वाटच पाहत होती.

असं सतरा वेळा झालं. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पाहुण्याला जमिनीवर बसवायचं कसं, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्यांनी सतरा वेळा सोडवला.

फॉर्मावर विचारलेलं होतं, खुर्ची आहे? पोरगी खुर्चीवर बसूनच विचारत होती. तिने 'आहे' लिहिलं. पंखा आहे? तिचे केस उडत होते, आहे. फ्रिज आहे? घरोघरी एकच उत्तर मिळालं, "आहे की. वहिनींकडे ठेवलाय." कोणी तिळभर खोटं बोललं नाही. फ्रिज आहे का, एवढंच विचारलं होतं. कितीजणांत आहे, असं कुठे विचारलं होतं? घरातलं कोणी परदेशात आहे? कडक आजी म्हणाल्या, "आहे. माझा मुलगा." तिथे एका खोलीत चौदा जण झोपतात, पाळीपाळीने, हे विचारलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

सतराव्या घरातून निघताना पोरगी उठली, वळली आणि खुर्चीच्या मागच्या पायावर ठोकलेल्या पट्टीवरून तिने बोट फिरवलं. कॉलरवालीने ते पाहिलं. पोरीने तिच्याकडे पाहिलं. मग पोरगी म्हणाली, "चहा छान होता, ताई," आणि गेली. सतरा घरचा चहा प्यायल्यावर असं म्हणायला मन मोठं लागतं.

दोन महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्याच्या दारावर कागद लागला. दवाखाना म्हणजे एक खोली. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे सिस्टर यायची. साखर तपासायची, पाय तपासायची, इन्सुलिनच्या बाटल्या द्यायची, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांचंही ऐकून घ्यायची. पुढच्या महिन्यापासून ही खोली बंद.

"कागदावर तुमची गल्ली वर आलीय," सिस्टर म्हणाली. तिलाही सांगताना बरं वाटत नव्हतं. "प्रत्येक 'आहे'ला एक खूण असते. ज्या वस्तीच्या खुणा कमी, तिला दवाखाना आधी."

"वर आलीय?" हमालमामांनी मान मागे टाकून गल्लीच्या पत्र्यांकडे पाहिलं. "आम्हाला हलल्यासारखं काही वाटलं नाही."

हसले सगळे. कॉलरवाली हसली नाही. मोठं इस्पितळ दोन बस पलीकडे होतं. पहाटे रांगेत उभं राहिलं तर संध्याकाळी औषध हातात. दर पंधरा दिवसांनी एक दिवस जाणार. कारखान्यात महिन्यात एक खाडा चालतो. दुसऱ्या खाड्याला मशीनवर दुसरी बसलेली असते, आणि तिचा तरी काय दोष, तीही फाटकाशी सहा महिने उभी राहिलेली असते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी जाईन की एकटी." त्यांच्या पायांना आता काही लागलेलं कळत नाही. मागे स्टोव्हजवळ बसल्या असताना अंगठा भाजला, तो त्यांना वासावरून समजला. त्या दोन बस बदलून जाणार.

मशीन किंवा सासू. कॉलरवालीने हे कोणाला बोलून दाखवलं नाही. फक्त तिच्या कॉलरींची टोकं त्या आठवड्यात दोनदा परत आली, जे अकरा वर्षांत झालं नव्हतं.

सिस्टरनेच सांगितलं, अर्ज करा, पुन्हा मोजायला येतात. शिपाईणबाईंनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. उत्तर आलं की ज्यांनी हा फॉर्म तयार केला त्या मोठ्या मॅडम परदेशातून आलेल्याच आहेत, बायका घरी सापडाव्यात म्हणून त्या स्वतः रविवारी येतील.

मग नळापाशी बैठक बसली.

"फ्रिज लपवू या," कोणीतरी म्हणालं.

"कुठे लपवणार? उशी आहे का ती?"

"मी पाठीवर घेतो," हमालमामा म्हणाले. "दोन तास फिरत राहतो हमरस्त्यावर. कोणी विचारलं तर गिऱ्हाईक शोधतोय म्हणेन."

"आणि आतलं दूध नासलं की?"

लपवणं बारगळलं. मग राहिलं सांगणं. काय सांगायचं, तर जे आहे ते. पण जे आहे त्याला म्हणायचं काय, इथे गाडी अडली.

"परिस्थिती जरा बेताची आहे म्हणू," वहिनी म्हणाल्या.

"ओढाताण होते म्हणू."

"भागतं कसंबसं."

"हातावरचं पोट आहे म्हणा ना सरळ."

"फार नाही, पण अगदीच नाही असंही नाही," हे शिपाईणबाईंचं, शाळेत राहून आलेलं.

अर्धा तास गेला. एक शब्द सोडून भाषेतले सगळे शब्द येऊन गेले. तो एक सगळ्यांच्या जिभेवर बसून होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. शेवटी सगळ्यांनी कडक आजींकडे पाहिलं. तिघांतली एक बाटली त्यांची होती, म्हणून.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," कडक आजी म्हणाल्या. "बत्तीस वर्षं मी लोकांच्या मळक्या चादरी पांढऱ्या करून दिल्या. कोणापुढे हात पसरला नाही. ज्याच्याकडे पाहुणा आला की शेजारून खुर्ची येते, त्याने तो शब्द तोंडात घ्यायचा नाही. ज्याला शेजारच नाही त्याच्यासाठी तो ठेवलाय."

ऐकायला हे इतकं छान होतं की बैठक तिथेच उठली. कॉलरवालीला वाटलं, खरं आहे. आणि लगेच वाटलं, पण खऱ्याने साखर खाली येत नाही. सासूबाईंचा तिला अभिमान होता. तो तिला दोन बसपर्यंत पुरवायचा होता, आणि पुरत नव्हता.

रविवारी दुपारी खुर्ची रीतसर पहिल्या घरी मांडली गेली. लपवाछपवी नको, पण पाहुणा तो पाहुणाच. पंखा लावला, पेले पुसले. फॉर्मवाली पोरगी आली, तिच्या मागून मॅडम. उंच, उन्हाने नाक सोललेलं, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर अवघडलेलं हसू, आपण नको तेव्हा तर आलो नाही ना असं. पोरगी म्हणाली, "मॅडम म्हणतात ह्या वेळी त्या टोकापासून सुरुवात करू."

ते टोक म्हणजे कॉलरवालीचं घर.

गल्लीतून दोघी चालू लागल्या आणि बोळातून हमालमामा पळू लागले. पुढच्या दारी चपला वाजल्या तेव्हा मागच्या दारातून खुर्ची आत आली. मामा चौकटीआड भिंतीला टेकून उभे राहिले, त्यांचा श्वास घरभर ऐकू येत होता. कॉलरवाली मोठ्याने म्हणाली, "या, बसा." मॅडम बसल्या. 'कुंई' झालं. फॉर्मवाली पोरगी जमिनीकडे पाहायला लागली.

कॉलरवालीचं लक्ष मॅडमच्या शर्टावर गेलं, म्हणजे गळ्यावर. ही कॉलर आमच्याकडची नव्हे, तिने लगेच ओळखलं. कोणा दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्या कॉलरवालीची. डावं टोक अगदी रेखल्यासारखं, उजवं किंचित घाईत वळवलेलं. आठवड्याच्या शेवटच्या दिवसाची असणार, त्या बाईची मान भरून आली असणार. कोण असेल, कुठे असेल, तिच्या घरी कोण असेल. न पाहिलेल्या त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवावासा तिला वाटला.

मॅडम विचारत होत्या, पोरगी त्याचं ह्यांच्या भाषेत करून सांगत होती. खुर्ची आहे, ते दिसतंच होतं. पंखा आहे? आहे, येतोच आहे. फ्रिज?

"आहे," कडक आजी म्हणाल्या. "वहिनींकडे."

मॅडमनी काहीतरी लांबलचक विचारलं. पोरगी थोडी थांबली. "आजी, त्या विचारतात, गेल्या महिन्यात असा एखादा दिवस होता का, की घरात खाणं कमी पडलं आणि कोणी उपाशी राहिलं?"

"आम्हाला भूकच कमी आहे," कडक आजी म्हणाल्या.

कॉलरवालीने हातातला पेला खाली ठेवला. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला ती कारखान्यातून आली तेव्हा सासूबाई पलंगावर थरथरत होत्या. अंग घामाने थंड, डोळे उघडे, पण त्या डोळ्यांना सून ओळखू येत नव्हती. सुई सकाळीच घेतलेली. पोटात काही नाही. डब्यात एकाच माणसापुरतं होतं ते त्यांनी सुनेसाठी झाकून ठेवलं होतं. कॉलरवालीने साखर पाण्यात घालून चमच्याने ओठांत सोडली. शुद्धीवर आल्यावर त्या पहिलं काय म्हणाल्या, तर "साखर सगळी नाही ना घातलीस?" आणि दुसरं, "भूकच नव्हती गं."

"असं नाही," कॉलरवाली म्हणाली.

"काय असं नाही?" पोरीने विचारलं.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "औषध बघायचंय का विचार त्यांना. दोरा बांधून कसं नीट ठेवतो ते दाखवू."

मॅडमना दोऱ्याचं नवल वाटलं. त्या उठून कोनाड्याशी गेल्या, सकाळची बाटली हातात घेतली आणि पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीकडे पाहत राहिल्या. गाठ नेटकी होती. मॅडमनी पोरीला काहीतरी विचारलं, पोरीने उत्तर दिलं, आणि त्या गाठीवर मॅडमनी अलगद अंगठा फिरवला. तेवढ्यात चौकटीआडून एक खोकला आला. खुर्ची मोकळी झालेली मामांना दिसली होती. शेजारच्या घरी बसायला काही नव्हतं, आणि पाहुणी आता तिकडेच निघणार हे मामांच्या हिशेबाने उघड होतं. दाराशी दोन हात आले. खुर्ची हळूच सरकायला लागली.

'कुंई.'

मॅडम वळल्या. खुर्ची अर्धी दाराबाहेर होती आणि बाकीची अर्धी निघाली होती. मामांनी घाबरून ती एकदम उचलून डोक्यावर घेतली, त्यामुळे उघडं दार आणखी उघडं पडलं. त्यांच्या मागे बोळात वहिनी, छातीशी टेबलफॅन धरून. वहिनींच्या मागे शिपाईणबाई, हातात निळ्या फुलांचे पाच पेले, कारण सहावा आत होता. त्यांच्याही मागे गल्लीतल्या पाच-सात बायका, ज्यांच्या घरी ह्या वस्तू क्रमाने पोचायच्या होत्या. सगळ्या जिथल्या तिथे थांबलेल्या, फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटल्यासारख्या.

मॅडमनी विचारलं. पोरीने भाषांतर केलं नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं.

"त्या विचारतात," पोरगी हळू म्हणाली, "खुर्ची कुठे चाललीय?"

"दुरुस्तीला," वहिनी म्हणाल्या.

"सगळ्या मिळून?"

"वजनदार आहे."

 पोरीने फळी छातीशी धरली. "ताई," ती कॉलरवालीला म्हणाली, "मला त्याच दिवशी दिसलं होतं. पट्टी. पण फॉर्मात 'आहे' आणि 'नाही' एवढंच आहे. आणि तुम्ही सगळ्यांनी इतकं... माझ्यासाठी इतकं कोणी केलं नव्हतं. मला विचारवेना."

बोळातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हणजे सतरा घरं झाकत होती आणि ही पोरगीही झाकत होती. झाकणाऱ्यांत कोणी कमी पडलं नव्हतं, आणि त्यात दवाखान्याची खोली तेवढी जायला निघाली होती.

आता ते आपणच म्हणायला हवं, कॉलरवालीला कळलं. तिने ओठ ओले केले. तिला सासूबाईंची बत्तीस वर्षं दिसली, ताठ पाठ दिसली, आणि ती पाठ आपल्या एका शब्दाने वाकेल असं वाटलं. मग तिला अठ्ठावीस तारखेचे डोळे दिसले.

"मॅडम, आम्ही," ती म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे..."

"तू थांब."

सासूबाई उठल्या. भिंतीला हात न लावता उठल्या. पायाखालची जमीन कळत नसूनही दोन पावलं नीट टाकत मॅडमच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या सरळ की मॅडमही नकळत सरळ झाल्या.

"हिने का म्हणावं?" त्या पोरीला म्हणाल्या, बोट सुनेकडे. "ही दिवसभर मान मोडून काम करते. मी असेपर्यंत हिला ते म्हणायला लागू नये. तू लिही, पोरी. मी सांगते तसं लिही, आणि ह्यांना त्यांच्या भाषेत नीट सांग, काही गाळू नकोस."

पोरीने पेन उघडलं.

"खुर्ची एक आहे. सतरा घरांत एक. पंखा एक, पेले सहा, फ्रिज एक. तो फ्रिज ह्या बाटलीसाठी आहे, आणि बाटली तुमच्या दवाखान्यातून येते. दवाखाना गेला की आम्ही फ्रिजमध्ये दोरे ठेवू." त्या थांबल्या. सुनेकडे पाहिलं नाही, पण आवाज थोडा तिच्याकडे वळला. "आणि भूक असते मला. रोज असते. महिनाअखेरीला जास्तच असते."

बोळात वहिनींच्या हातातला पंखा खाली टेकला. कॉलरवालीने सासूबाईंच्या कोपराखाली हात दिला. त्यांनी तो झटकला नाही, त्यावर भार मात्र टाकला नाही.

"आम्ही गरीब आहोत," कडक आजी म्हणाल्या. "लिहिलंस? आता मामांना जाऊ दे. मघापासून डोक्यावर घेऊन उभा आहे माणूस, आणि शेजारी अजून पाहुण्यांना बसायला काही नाही."